शिट्टीबाईंच्या पाठीतले शेजारी

शिट्टीबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. गळ्यात पिवळ्या दोरीला शिट्टी, डोक्याला घट्ट रबरी टोपी, आणि आवाज असा खणखणीत की शिट्टीची खरं तर गरजच नव्हती. पोहण्याचा तो तलाव छताखालचा. हिरवट फरश्या, काचेचं उंच छप्पर, औषधाच्या पाण्याचा वास, आणि कुणी साधं खोकलं तरी भिंतींवर आपटून परत येणारा आवाज. त्या दालनात बाईंनी उभी हयात लोकांना पाण्यात उतरवण्यात घालवली होती.

लहान मुलं बाई दुसऱ्या शिक्षकांकडे ढकलायच्या. "मुलांना काय शिकवायचं? ती पडली की आपोआप पोहतात," असं म्हणायच्या. त्यांचा खास प्रांत म्हणजे पाण्याला घाबरणारी मोठी माणसं. कुणाला वाकडा अनुभव आलेला, कुणाला वयाची लाज, कुणाच्या डॉक्टरनं गुडघ्यांसाठी पाठवलेलं. अशांना बाई पहिल्या दिवशी पोहायला सांगतच नसत. पायरीवर शेजारी बसवायच्या आणि भलत्याच गप्पा काढायच्या. सुनेचं वागणं, घरातली गळकी तोटी, काय वाटेल ते. बोलता बोलता एकेक पायरी खाली सरकायच्या. माणूस भानावर येई तेव्हा पाणी छातीला लागलेलं असे. "बघा," बाई म्हणायच्या, "काही झालं का? पाणी कुणाला बुडवत नाही हो, आपली ताठलेली मान बुडवते."

घरी माणसं मोजकी. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या घडवायचा. घराखालीच त्याचं चिंचोळं दुकान. सगळे त्याला कुलूपवालेच म्हणत. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, फोनवर भेटणारी. आणि कुलूपवाल्यांची धाकटी बहीण, चाळिशी ओलांडली तरी घरात जिचं नाव छोटीच राहिलं. छोटी दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची, पण संध्याकाळी जेवायला रोज भावाकडे. ती एका प्रयोगशाळेत संशोधक होती. कसलं संशोधन, हे घरात कुणी नीट विचारलं नव्हतं. एकदा विचारलं होतं, तेव्हा ती इतकं लांबलचक सांगत बसली की जेवण गार झालं. तेव्हापासून कुलूपवाल्यांनी घरचा हिशेब ठरवून टाकला होता. "आमच्याकडे एक जण कुलपं उघडतो, एक जण माणसं पाण्यात ढकलते आणि एक जण उंदरांच्या पाठी बघते. तिघांची पोटं भरतात, झालं तर मग."

त्या दिवशी सकाळचा वर्ग होता. पाच जण पाण्यात, पाचही जण कठड्याला वटवाघळासारखे चिकटलेले. रांगा आखायच्या दोरांचं जड रीळ कुणी तरी भलतीकडेच ठेवलं होतं. बाईंनी ते वाकून ओढलं, आणि दोन खांद्यांच्या मधोमध एकदम कळ आली. कुणी आतून पट्टा आवळावा तशी, पाठीतून छातीकडे येणारी. "लचक भरली वाटतं," असं पुटपुटून बाई बाकावर टेकल्या. कळ थोडी ओसरली. पण पाय जड झाले, मग मऊ झाले, ओल्या टॉवेलसारखे. बाई उठायला गेल्या आणि उभ्याच्या उभ्या खाली बसल्या. पाय जागचे हललेच नाहीत.

तिथे फरशीवर बसून त्यांनी पहिली गोष्ट केली ती शिट्टी वाजवायची.

"सगळे बाहेर! पायरीनं. घाई नको, एकमेकांना धरू नका."

"बाई, तुम्हाला काय होतंय?" वर्गातली शिंपीणबाई रडवेली झाली.

"मला काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही आधी पाण्याबाहेर या, मग माझ्याकडे बघा."

पाचवा माणूस, एक निवृत्त मुख्याध्यापक, दोन्ही पाय कोरड्या फरशीवर ठेवेपर्यंत बाईंनी कुणाला फोनही करू दिला नाही. मग म्हणाल्या, "आता बोलवा रुग्णवाहिका. आणि मला एक टॉवेल द्या, फरशी गार आहे." पण असं म्हणताना त्यांच्या ध्यानात आलं की हाताला फरशी गार लागतेय, पायांना नाही. टाचेला फरशी टेकलीय हे कळत होतं. ती गार आहे की गरम, हे मात्र कळत नव्हतं.

रुग्णालयात मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई आल्या. पोक्त, हळू बोलणाऱ्या, हात नेहमी खिशात. त्यांनी बाईंना डोळे मिटायला सांगून पायाच्या अंगठ्याशी खेळ मांडला. अंगठा हातानं वर केला की विचारायच्या, "कुठे?"

"वर," बाई म्हणाल्या. "आता खाली. आता परत खालीच. फसवू नका."

सगळं बरोबर आलं. कापसाचा स्पर्श कळला. पण सुई टोचली तरी दुखलं नाही, आणि बर्फाचं पाणी भरलेली काचेची नळी लावली तर बाई म्हणाल्या, "काही तरी गुळगुळीत लागलं." आणि पाय हलवा म्हटलं, तर ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून राहिले. लघवीही अडली होती, नळी घालावी लागली.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "झटका मेंदूला येतो हे ऐकलंय ना? तसाच पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही येतो. क्वचित येतो, पण येतो. मज्जारज्जूच्या पुढच्या अंगाला एक रक्तवाहिनी असते, तिचा पुरवठा तुटला. हालचाल, दुखणं, गार-गरम, हे सगळं पुढच्या भागातून जातं. स्पर्श आणि पाय कुठे आहे ही जाणीव मागच्या भागातून जाते. मागचा भाग वाचलाय."

"मग पुढचा?"

"पाठीच्या पहिल्या एमआरआय फोटोत काही दिसलं नाही. पुन्हा काढू. तोवर तुमचं ब्लडप्रेशर खाली जाऊ द्यायचं नाही, आणि तुम्ही आडवं राहायचं."

कारण शोधायला त्यांनी हृदय तपासलं, त्यातून निघणारी मोठी रक्तवाहिनी तपासली, रक्त तपासलं. ठोस काही हाती लागलं नाही. "बरेचदा लागत नाही," डॉक्टरीणबाईंनी मोकळेपणानं सांगितलं. पुन्हा काढलेल्या फोटोत मात्र मज्जारज्जूच्या आडव्या छेदात शेजारी शेजारी दोन पांढरे ठिपके दिसले. कुलूपवाले म्हणाले, "मांजरीच्या डोळ्यांसारखे दिसतात." बाईंना ते बघून उगाचच बरं वाटलं. दुखण्याला निदान तोंड तरी होतं.

बरं वाटलं नाही ते छोटीला.

छोटी रोज यायची. पायांना मलम लावायची, कूस बदलायला मदत करायची, परिचारिकांना ब्लडप्रेशरचे आकडे विचारून विचारून त्यांच्या डोक्याला ताप द्यायची. कुलूपवाले बिचारे कोपऱ्यात बसून जुन्या कुलपाच्या पट्ट्या घासत राहायचे, कारण हाताला काम नसलं की त्यांना रडू येई. छोटीला मात्र कामच काम. आणि तरी ती वहिनीच्या तोंडाकडे बघायची नाही.

एकदा कुलूपवाले चहा आणायला खाली गेले, तेव्हा बाईंनी छोटीचं मनगट पकडलं.

"इकडे बस. माझ्याकडे बघ."

"बघतेय की."

"नाही बघत. तू आत शिरतेस ना, तेव्हापासून माझ्या पाठीतच बघत असतेस. काय दिसतंय तुला तिथे?"

छोटीचा चेहरा पडला. मग ती खुर्चीवर बसली आणि हातातला मलमाचा डबा गुडघ्यांवर धरून म्हणाली, "वहिनी, मी हेच करते."

"काय हेच?"

"मज्जारज्जूचा रक्तपुरवठा थांबला की आतल्या पेशी काय करतात, ते बघते. माझं कामच हे आहे. इतकी वर्षं. तुम्ही उंदरांच्या पाठी म्हणता ना, त्या याच पाठी."

बाईंना हसू फुटलं. "अगं मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. जेवण गार झालं होतं."

"आता माझं जेवण गारच असतं इथलं. सांग."

"नको. तू घाबरशील."

"न घाबरता पाण्यात उतरलेला माणूस मी अजून पाहिला नाही. पायरी पायरीनं सांग, म्हणजे झालं."

आणि छोटीनं सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग हळूहळू तिचा आवाज स्थिर होत गेला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिला असं बोलताना ऐकलं.

"मज्जारज्जूत चेतापेशी असतात, ज्या निरोप पोचवतात. त्या फार खर्चिक. त्यांच्याकडे साठा असा काही नसतोच, रक्त आलं तर जगायचं. रक्त थांबलं की मिनिटांतच त्यांचं आतलं-बाहेरचं क्षारांचं गणित कोसळतं. मग निरोपासाठी जे रसायन त्या थेंबाथेंबानं सोडतात, ते सगळंच एकदम सांडतं. शेजारच्या पेशीला वाटतं, केवढा हा आरडाओरडा. ती त्या आरड्यानंच थकून मरते. मग तिच्या पलीकडची."

"म्हणजे बुडणाऱ्यानं शेजारच्याच्या गळ्याला मिठी मारावी तसं," बाई हळूच म्हणाल्या.

"हो. तसंच. पण त्यांच्याभोवती दुसऱ्या पेशी असतात. आधारपेशी म्हणू. लोक आधी त्यांना नुसता भराव समजायचे. त्यातल्या काही चांदणीसारख्या असतात, चहूकडे हात पसरलेल्या. सांडलेलं ते रसायन टिपून घेणं हे त्यांचं काम. त्यांच्याकडे थोडी शिधासामग्री असते, म्हणून त्या जास्त तग धरतात. सुजतात, पण तग धरतात. मग जिथे नासधूस झाली त्याच्या कडेनं त्या दाटीवाटीनं उभ्या राहतात आणि कुंपण घालतात."

"शहाण्या आहेत."

"त्यावर आमच्यात फार भांडणं आहेत. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे, हे कुंपणच वाईट, याच्यामुळे नवे धागे पलीकडे जात नाहीत. मग काहींनी प्रयोगात ते कुंपण काढून बघितलं, तर नासधूस आणखी पसरली. म्हणजे दोन्हीही खरं असू शकतं."

"आणि बाकीच्या?"

"एक जात सफाईवाल्यांची. एरवी त्या आपले बारीक हात हलवत पहारा देतात. काही बिघडलं की हात आखडून गोल होतात, सरपटत तिथे जातात आणि मेलेलं गिळायला लागतात. ते हवंच. पण त्या आरडाओरडाही करतात, बाहेरून आणखी पेशी बोलावतात, आणि कधी कधी जगू शकणाऱ्यालाही मारून टाकतात. माझं काम त्यांच्यावरच आहे. त्यांना गप्प कसं करायचं, पण कामावरून काढायचं नाही."

"जमलंय?"

छोटीनं मान हलवली. "उंदरात थोडंसं. माणसात नाही. तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही, वहिनी. म्हणूनच मला तुझ्याकडे बघवत नाही."

असं म्हणून छोटी रडली. बाईंनी तिला रडू दिलं. पाण्यात पहिल्यांदा उतरलेल्या माणसाला त्या जसं थरथरू द्यायच्या, मध्ये बोलायच्या नाहीत, तसंच. मग म्हणाल्या, "आणखी एक जात राहिली बहुतेक. तू तीन म्हणाली होतीस एकदा."

छोटीनं नाक पुसलं. "तुला आठवतंय?"

"जेवण गार झालं म्हणून काय कान बंद होते का माझे?"

तिसरी जात धाग्यांवर वेष्टण घालणाऱ्यांची, छोटीनं सांगितलं. तारेवर रबर असतं तसं. त्या नाजूक; काही लगेच मरतात, काही उशिरा. पण त्यांची होतकरू पिल्लं मज्जारज्जूत असतात, त्यातून नव्या तयार होऊ शकतात. मेलेल्या चेतापेशी मात्र परत येत नाहीत. पण सगळ्या मेलेल्या नसतात. काही कडेला नुसत्या गुंगीत पडलेल्या असतात, आणि ज्या जगतात त्या नवीन फांद्या फोडतात, शेजारून वाट काढतात. त्याला वेळ लागतो, आणि त्यांना काम द्यावं लागतं.

"काम म्हणजे?"

"हलवायचं. हलत नसलं तरी हलवायचा प्रयत्न करायचा. पुन्हा पुन्हा."

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "मग हे तर माझ्याच धंद्यातलं झालं."

कुलूपवाले चहा घेऊन वर आले तेव्हा दोघी डोळे लाल करून हसत होत्या. ते दारातच थबकले. "काय झालं?"

"तुमची बहीण जेवण गार करत होती," बाई म्हणाल्या.

पुढचे दिवस व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओच्या ताब्यात गेले. हा दांडगा तरुण माणूस, बोलणं मात्र मखमली. "पाय उचला" असं तो कधी म्हणायचा नाही, "पाय उचलायचा विचार करा" म्हणायचा. बाई इतका विचार करायच्या की घाम फुटायचा. पाय ढिम्म. मग एके दिवशी उजवा पाय एकदम ताडकन उडाला आणि ट्रेवरचा चहा कुलूपवाल्यांच्या शर्टावर. ते ओल्या शर्टानिशी नाचायला लागले. "हलला! हलला!"

फिजिओनं त्यांना हळूच खाली बसवलं. हा पाय बाईंच्या सांगण्यानं हललेला नव्हता. जखमेच्या खालचा मज्जारज्जू जागा होऊन स्वतःच्याच मनानं झटके देत होता, वरून कुणी रागावणारं नव्हतं म्हणून. पाय आता ताठतीलही, त्यासाठी गोळ्या आणि ताण द्यावे लागतील. कुलूपवाल्यांचं तोंड एवढंसं झालं. बाई म्हणाल्या, "असू दे हो. निदान घरात कुणी तरी आहे एवढं कळलं."

खरी हालचाल आली ती कुणाच्या गावीही नसताना. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. कुलूपवाले पायथ्याशी बसून नेहमीसारखे कुलूप घासत होते. एकाएकी ते म्हणाले, "आत्ता अंगठा हलवलास का?"

"कुठला?"

"डावा."

"प्रयत्न करत होते. नेहमीसारखाच."

"पुन्हा कर."

बाईंनी केला. मुंगी चालली तर गवत जेवढं हलेल तेवढा अंगठा खाली वाकला. "खाली," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या. आता तो कुणी बाहेरून वाकवत नव्हतं. कुलूपवाल्यांनी कुलूप बाजूला ठेवलं, आणि या वेळी नाचले नाहीत. पायाला नुसता हात लावून बसले.

घरी आल्यावर तिढा वेगळाच पडला. दुकान खाली, घर वर. कुलूपवाल्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीतली यंत्रं हलवून तिथे पलंग टाकला, दाराला रुंद चौकट बसवली, न्हाणीघरात दोन्हीकडे पकडायला नळ्या ठोकल्या. सगळं स्वतःच्या हातानं. इतकं झकास केलं की बायकोला आणखी कसलं सुख द्यावं हे त्यांना सुचेना. हवा गार झाली तशी त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरून पांघरुणात तिच्या पायांशी ठेवली. बाईंना पिशवीचं वजन कळलं, रबराचा स्पर्श कळला. छान वाटलं. संध्याकाळी छोटीनं पांघरूण काढलं तर पोटरीवर आवळ्याएवढा फोड.

"दादा!" छोटी इतकी ओरडली की दुकानातलं गिऱ्हाईक पळालं. "तिला गरम कळत नाही! किती वेळा सांगितलं?"

"मला वाटलं ऊब..." कुलूपवाले पुटपुटले.

"ऊब कसली? भाजलंस तू तिला!"

भावाबहिणीत असा खटका कधी उडाला नव्हता. कुलूपवाले पिशवी हातात धरून उभे, छोटी पोटरीपाशी वाकलेली. बाईंनी जरा वेळ जाऊ दिला आणि मग सरळ उशाशी ठेवलेली शिट्टी घेऊन वाजवली. त्या एवढ्याशा खोलीत दोघांचेही हात कानांवर गेले.

"तुमचं झालं असेल तर कुणी तरी माझ्या पायावर पाणी ओता," बाई म्हणाल्या. "आणि अहो, यापुढे प्रेम करायचं ते कमरेच्या वर करा."

छोटीला हसू आवरेना, कुलूपवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फोड बरा व्हायला वेळ लागला, पण बरा झाला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात आंघोळीच्या पाण्याचा तापमापक आला. कुलूपवाले आधी तो बघायचे, मग स्वतःचं कोपर बुडवायचे, मग परत तापमापक बघायचे.

दोन्ही बाजूंना नळ्या धरून बाई उभ्या राहायला लागल्या, तेव्हा फिजिओ म्हणाला की आता पाण्यात व्यायाम केला तर चांगलं. पाणी वजन उचलून घेतं. पण तलावात त्यांच्यासोबत कुणी तरी उतरायला हवं. तो एका बाजूला राहील, दुसऱ्या बाजूला घरचं माणूस. कुलूपवाल्यांचा दमा तलावाच्या औषधी वाफेत उसळायचा. उरली छोटी.

"मी?" छोटी म्हणाली. "मला पाण्याची भीती वाटते."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत छोटीनं कधी सर्दीचं, कधी कामाचं कारण सांगून तलाव टाळला होता, आणि बाईंना, ज्यांनी अख्ख्या शहराची भीती ओळखली होती, घरातली भीती दिसली नव्हती. "अगं वेडे," त्या एवढंच म्हणाल्या.

सकाळी तलाव रिकामा असताना चाकांच्या खुर्चीवरून बाईंना उतारावरून पाण्यात नेलं. डावीकडे फिजिओ. उजवीकडे छोटी, पाणी पोटरीला लागलं तेव्हाच पांढरीफटक.

"तुझी ती तिसरी जात," बाई सहज म्हणाल्या, "त्यांची पिल्लं मोठी व्हायला किती वेळ घेतात?"

"ते... अवलंबून असतं. आठवडे. आणि सगळीच होत नाहीत..."

"का होत नाहीत?"

छोटी सांगायला लागली. कुंपणातून सुटणारी रसायनं त्यांना अडवतात असं काहींचं म्हणणं, वय झालं की त्यांचा उत्साह मंदावतो, आणि असंही दिसलंय की पेशींना व्यायामानं, म्हणजे प्राण्यानं हालचाल केली तर... सांगता सांगता ती थांबली. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिनं वहिनीकडे बघितलं.

"फसवलंस."

"काही झालं का?" बाई म्हणाल्या.

पाण्यात बाईंचे पाय हलले. कोरड्यावर जे मुंगीएवढं होतं, ते पाण्यात हातभर झालं. एक पाय पुढे, मग दुसरा, दोन्ही तळाला टेकताहेत हे नीट कळत होतं. पाणी कमरेच्या वर गार लागत होतं आणि कमरेखाली नुसतं पाणी होतं. ओलं, मऊ, हलणारं, ना गार ना गरम. "अर्धी मी हिवाळ्यात आहे आणि अर्धी कुठे आहे कोण जाणे," बाई म्हणाल्या, आणि पलीकडच्या कठड्यापर्यंत चालत गेल्या. छोटीला त्यांचा हात सोडायचा धीर झाला नाही. कोण कुणाला धरून होतं, हे फिजिओलाही सांगता आलं नसतं.

सगळं काही परत आलं असं नाही. डाव्या पायाला घोट्याशी पट्टी लागते, नाही तर पाऊल ओढलं जातं. घरात काठी, बाहेर चार पायांचा वॉकर. लघवीचं वेळापत्रक सांभाळावं लागतं, आणि थकवा आला की पाय आपल्याच मनानं ताठतात. गार-गरम तर अजूनही कळत नाही. पण बाई तलावावर परतल्या. आता त्या काठावर उंच खुर्चीत बसून शिकवतात, आणि वर्गात पाण्याला घाबरणाऱ्यांबरोबर फिजिओनं पाठवलेलेही चार-दोन असतात. निवृत्त मुख्याध्यापक आता अख्खी लांबी पोहतात, आणि दर वेळी टोकाला पोचल्यावर बाईंकडे बघतात, पहिला नंबर आलेल्या पोरासारखे.

एका दुपारी छोटीनं वहिनीला प्रयोगशाळेत नेलं. लांबलचक पांढरी मार्गिका, गुणगुणणारी शीतपेटी, खिडकीत कुणाचं तरी सुकलेलं रोप. अंधार केलेल्या एका खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर उंच स्टूल होतं. त्यावर चढायला बाईंना बराच वेळ लागला. छोटीनं मदतीला हात पुढे केला नाही. बाईंना ते आवडलं.

"डोळा लाव. हे चाक फिरव, स्वच्छ होईल."

बाईंनी चाक फिरवलं. काळ्यावर हिरवं धुकं, आणि मग धुकं फाटलं. चांदण्याच चांदण्या. प्रत्येकीचे हात लांब, बारीक, दुसरीच्या हातात अडकलेले. एका बाजूला त्या विरळ होत्या, ऐसपैस. मध्यावर येत येत दाट होत गेल्या, आणि एका काळ्या, रिकाम्या जागेच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"हे कुंपण?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि आत काळं आहे ते?"

"तिथल्या गेल्या."

बाई बराच वेळ बघत राहिल्या. छोटी बाजूला उभी राहून, स्वयंपाक चाखणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तशी, त्यांच्याकडे बघत होती. या वेळी पाठीकडे नाही.

"अगं, हे एवढं देखणं असतं आणि तू आम्हाला नुसते उंदीर सांगत होतीस?" बाई म्हणाल्या.

छोटी लाजली. मग तिनं दुसरी काच लावली, सफाईवाल्यांची. त्या तांबड्या होत्या, गोलमटोल, पोट भरलेल्या. मग तिसरी. मग चौथी. बाई प्रत्येकीला नावं ठेवत गेल्या, ही आळशी, ही भांडखोर, हिचं लग्न ठरलंय. आणि पलीकडच्या टेबलावरचा छोटीचा सहकारी हसून हसून हातातून पडलेलं पेन शोधत राहिला.

संध्याकाळी कुलूपवाल्यांनी सूप केलं होतं. मागच्या खोलीतच जेवण. आता तीच घरातली मुख्य खोली झाली होती, वर फक्त कपडे राहायचे. ते वाढत वाढत म्हणाले, "मग? काय काय दाखवलंन छोटीनं?"

"शेजारी दाखवले."

"कुणाचे?"

"माझ्या पाठीतले. म्हणजे माझे नव्हेत, तसल्याच जातीचे." बाईंनी चमच्यानं हवेत चांदणी काढली. "अशा. हिरव्या. हातात हात घालून उभ्या."

"आणि करत काय होत्या?"

बाईंनी विचार केला. "आपापलं काम."

"बरं," कुलूपवाले म्हणाले. त्यांनी सूप ओतलं, बशीला बोट लावून बघितलं आणि ती बायकोपुढे सरकवली. छोटीनं तोंड उघडलं. ते काम नेमकं काय, यात तिला थोडी भर घालायची होती. कुलूपवाल्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि म्हणाले, "सांग. आज गार झालं तर झालं."